बर्फाखालचं पाणी: वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मे महिन्यात नागपूरकरांना बर्फ आठवला तर त्यात नवल काही नाही. पण मागच्या अंकात मी हिमनद्यांवर ओझरतं काही लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण तो प्रश्न एका इंजिनिअरचा आहे आणि इंजिनिअरला थोडक्यात पटत नाही, हा माझा घरचा अनुभव.

प्रश्न: मॅडम, नमस्कार. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. नातू नववीत आहे. तो म्हणतो, ग्रीनलँडचा बर्फ वितळतो, ते पाणी तळाशी जाऊन वंगणाचं काम करतं आणि अख्खा बर्फ समुद्राकडे घसरत सुटतो. जितकं ऊन जास्त तितका वेग जास्त. माझ्या शंका अशा. किलोमीटरभर जाड बर्फाखाली पाणी शिरेलच कसं? शिरलं तर गोठणार नाही का? आणि पाणी दुप्पट तर वेग दुप्पट, इतकं सोपं गणित निसर्गात असतं का? वाद जेवणाच्या ताटापर्यंत आला आहे. निकाल द्या.
(एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर: निकाल आधी सांगते, म्हणजे जेवणं तरी शांततेत होतील. पाणी तळापर्यंत पोचतं आणि त्याने बर्फाचा वेग वाढतो, इथपर्यंत नातवाचं खरं. ‘जितकं जास्त तितकं जास्त’ हे मात्र खरं नाही. तिथे तुमचा जुना हात बरोबर पडला आहे.

आधी बर्फ हलतो कसा ते बघू. एक तर तो स्वतःच्या वजनाने आतल्या आत वाकतो, ताणला जातो, आणि उताराच्या दिशेने सरकतो. हे वर्षभर, रात्रंदिवस, हळूहळू चालू असतं. पाण्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. दुसरं म्हणजे तळाच्या खडकावरून तो घसरतो. तिसरं, तळाशी खडकाऐवजी ओली माती-वाळू असेल तर ती मातीच बर्फासकट सरकते. पाण्याची करामत दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात. बर्फ तळाशी खडकाला गोठून चिकटलेला असेल, तर घसरणं जवळपास शून्य.

आता तुमची पहिली शंका, पाणी शिरतं कसं. बर्फातली कोरडी भेग वीस-तीस मीटर खोल गेली की आजूबाजूच्या बर्फाच्या दाबाने मिटायला लागते. पण भेगेत पाणी भरलेलं असेल तर गोष्ट उलटते. पाणी बर्फापेक्षा जड. बर्फाची घनता घनमीटरला सुमारे ९१७ किलो, पाण्याची १०००. त्यामुळे भेगेच्या टोकाशी पाण्याचा दाब बर्फाच्या दाबाला भारी पडतो आणि भेग खाली खाली फाटत जाते. वरून पाण्याचा पुरवठा टिकला, तर ती थेट तळ गाठते. अशी एकदा तळाला लागलेली वाट मग उभ्या, खोल भोकाच्या रूपात राहते. हिमनदीवर काम करणारे तिला मूलाँ म्हणतात. पृष्ठभागावरचे ओढे दिवसभर त्यात कोसळत असतात.

हे कागदावरचं गणित नाही. जुलै २००६ मध्ये पश्चिम ग्रीनलँडच्या बर्फावरचं एक तळं शास्त्रज्ञांच्या उपकरणांसमोर रिकामं झालं. क्षेत्रफळ सुमारे ५.६ चौरस किलोमीटर, पाणी ४.४ कोटी घनमीटर. तुमच्या खात्याच्या भाषेत ४४ दलघमी. त्यातलं बहुतेक पाणी दीड तासाच्या आत खाली गेलं, म्हणजे सेकंदाला सरासरी ८,७०० घनमीटरच्या वर. एवढा विसर्ग नायगऱ्यालाही नाही. खालचा बर्फ ९८० मीटर जाड होता. तेवढा बर्फ त्या पाण्याने १.२ मीटर वर उचलला गेला! आणि मग एखाद्या दिवसात पुन्हा खाली बसला, वेगही जवळजवळ पूर्ववत झाला. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गोठण्याचं म्हणाल तर, तळाशी तापमान शून्याच्या आसपास असलं की पाणी पाणीच राहतं. वरच्या दाबाने वितळणबिंदू किंचित खाली येतो. हजार मीटर बर्फाखाली सुमारे ०.७ अंशाने. शिवाय जमिनीतून येणारी थोडी उष्णता असते आणि घर्षणाची असते. थंड बर्फात उतरलेलं पाणी काही वेळा गोठतंही, नाही असं नाही. पण गोठताना ते उष्णता सोडतं, आणि ती थोडीथोडकी नसते. एक ग्रॅम पाणी गोठलं तर सुमारे १६० ग्रॅम बर्फाचं तापमान एक अंशाने चढतं. म्हणजे गोठलेलं पाणीही बर्फ आतून उबदार करून पुढच्या पाण्यासाठी वाट सोपी करून ठेवतं. उबदार बर्फ जास्त मऊ, तो आतल्या आतही जास्त वेगाने सरकतो.

आता मुख्य मुद्दा. नातवाला सांगा की ‘वंगण’ म्हटलं की डोळ्यासमोर तेलाचा पातळ थर येतो, आणि इथे घडतं ते तसं नाही. इथे काम करतो तो दाब. तुम्ही दगडी किंवा काँक्रीटच्या धरणांवर काम केलं असेल तर पायाखालचा उत्थापक दाब तुम्हाला शिकवायची गरज नाही. पायात पाणी झिरपतं, वर ढकलतं, धरणाचं पायावर पडणारं निव्वळ वजन कमी होतं आणि घसरण्याचा धोका वाढतो. म्हणून तर तुम्ही पायात निचऱ्याची भोकं पाडता आणि गॅलरीतून, म्हणजे धरणाच्या पोटातल्या बोगद्यातून, ते पाणी काढून देता. हिमनदीखाली नेमकं हेच चालतं. बर्फाचा तळावरचा दाब वजा पाण्याचा दाब, जे उरेल त्यावर घर्षण ठरतं. बर्फ १०० मीटर जाड असेल आणि मूलाँमध्ये पाणी तळापासून ९२ मीटरच्या जवळपास उभं राहिलं, की बर्फ तरंगण्याच्या बेतात येतो. तळाच्या खडकाच्या उंचवट्यांमागे पोकळ्या तयार होतात, त्यात पाणी भरतं, बर्फाची खडकाशी गाठ सुटत जाते. मग तो घसरतो.

स्वित्झर्लंडमध्ये आल्मुट इकेन या बाईंनी फिंडेलेन हिमनदीत तळापर्यंत छिद्रं पाडून पाण्याची पातळी मोजली आणि त्याच वेळी वरच्या बर्फाचा वेगही. १९८६ मध्ये त्यांनी सहकाऱ्याबरोबर ते प्रसिद्ध केलं. पाण्याचा दाब चढला की वेग चढतो, उतरला की उतरतो, हे इतक्या स्पष्टपणे दिसलं की वाद संपला. त्यांच्याच गटाने त्याआधी उंटेरार हिमनदीवर पाहिलं होतं की उन्हाळ्याच्या तोंडाला अख्खा बर्फ अर्ध्या मीटरच्या आसपास वर उचलला जातो. (भूशास्त्राच्या वर्गात मी मुलींना ही उदाहरणं मुद्दाम सांगायची. डोंगरात राहून काम करायला मुली नकोत, असं आमच्या वेळी तोंडावर ऐकवत.)

मग ‘जास्त पाणी, जास्त वेग’ का नाही? कारण बर्फसुद्धा निचऱ्याची गॅलरी खोदतो, आणि ती स्वतःच्याच पाण्याने खोदतो. उन्हाळा सुरू होताना तळाशी पोकळ्या लहान, एकमेकींशी चिंचोळ्या वाटांनी जोडलेल्या. त्यातून पाणी हळू सरकतं, तुंबतं, दाब वाढतो. याच दिवसांत वेग सर्वांत जास्त. पण वाहत्या पाण्याच्या घर्षणाने थोडी उष्णता निर्माण होते आणि ती आजूबाजूचा बर्फ वितळवते. काही वाटा रुंद होतात, रुंद झाल्या की जास्त पाणी ओढतात, आणखी रुंद होतात. पाहता पाहता बर्फाच्या पोटात मोठी भुयारं तयार होतात. हान्स रोथलिसबर्गर यांनी १९७२ मध्ये याचं गणित मांडलं, आणि त्यातली गंमत ही की भुयार मोठं झाल्यावर त्यात पाणी वाढलं तरी स्थिर अवस्थेत दाब कमी होतो. मग हे भुयार आसपासच्या पोकळ्यांतलं पाणीही शोषून घेतं. बर्फ पुन्हा खडकावर बसतो, घर्षण वाढतं, वेग खाली येतो. भर ऑगस्टमध्ये, पाणी धो धो वाहत असताना! थंडीत पाणी आटलं की बर्फाच्या दाबाने भुयारं पुन्हा मिटतात, आणि पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून.

हे मी वाचलं नंतर, पाहिलं आधी. नोकरीच्या सुरुवातीला लाहौलमधल्या एका हिमनदीवर आमचा गट उन्हाळ्यात असायचा. चंद्रा नदी तारेच्या झुल्यातून ओलांडायची, बर्फात वाफेच्या ड्रिलने भोकं पाडून बांबू रोवायचे, आणि काठावरच्या पक्क्या खडकावर थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) लावून त्या बांबूंच्या जागा मोजायच्या. आजच्यासारखं उपग्रहाला विचारून सेंटिमीटरमध्ये उत्तर मिळत नव्हतं. हात गोठायचे, आकडे पुसट व्हायचे. तरीही जूनअखेरच्या नोंदी आणि सप्टेंबरच्या नोंदी शेजारी ठेवल्या की बांबू आधी जास्त सरकलेले दिसत आणि नंतर कमी, जरी सप्टेंबरपर्यंत मुखातून, म्हणजे हिमनदीच्या खालच्या टोकातून, वाहून गेलेलं पाणी कैक पटींनी जास्त असे. आमच्या गटप्रमुखांना ही मोजणीतली चूक वाटायची. त्यांनी मला बऱ्याचदा पुन्हा मोजायला लावलं. बांबूंनी काही मत बदललं नाही.

आता ग्रीनलँड. २००२ साली झ्वाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम ग्रीनलँडमधल्या ‘स्विस कॅम्प’ या ठाण्याजवळचा बर्फ उन्हाळ्यात वेग घेतो, असं दाखवलं: हिवाळ्यात रोज ३१ सेंटिमीटरच्या आसपास, भर उन्हाळ्यात ४० पर्यंत. बर्फ तिथे किलोमीटरहून जाड, तरीही वरच्या वितळण्याची खबर काही दिवसांत तळाला लागत होती. त्या वेळी बरीच खळबळ उडाली. तुमच्या नातवाचं म्हणणं त्याच वेळच्या बातम्यांतून पाझरत आलं असणार. पण पुढे नोंदी लांबत गेल्या आणि चित्र पालटलं. २०१० मध्ये क्रिश्चन शूफ यांनी दाखवलं की एकूण पाणी किती यापेक्षा ते किती चढउतारांनी येतं, यावर वेग ठरतो. संथ, सतत येणाऱ्या पाण्यासाठी बर्फ भुयारं तयार ठेवतो. अचानक आलेला लोंढा, एखादं फुटलेलं तळं, रात्रीतून पडलेला मुसळधार पाऊस, हे त्या भुयारांत मावत नाही. तेव्हा दाब चढतो. म्हणूनच वरच्या तळ्याने १.२ मीटर उचललेला बर्फ एखाद्या दिवसात खाली बसला: पाण्याने आपली वाट करून घेतली होती.

आणि २०१५ चा निष्कर्ष तर नातवाला वाचूनच दाखवा. नैऋत्य ग्रीनलँडमधल्या जमिनीवरच संपणाऱ्या बर्फाच्या एका मोठ्या पट्ट्यात २००७ ते २०१४ या काळातला वार्षिक वेग १९८५ ते १९९४ च्या मानाने १२ टक्क्यांनी कमी निघाला. वितळणं मात्र याच काळात सुमारे निम्म्याने वाढलं होतं. उन्हाळा कडक गेला की भुयारं मोठी होतात, तळाचा जास्त भाग निचरून कोरडा पडतो, आणि मग हिवाळ्यात बर्फ नेहमीपेक्षाही हळू सरकतो. उन्हाळ्यातली कमाई हिवाळ्यात फेडली जाते.

यावरून ग्रीनलँडचं बरं चाललंय असा अर्थ काढू नका. वेग कमी झाला म्हणून वितळणं थांबत नाही. वितळलेलं पाणी समुद्रातच जातं. शिवाय हे सगळं जमिनीवर संपणाऱ्या बर्फाचं. जो बर्फ थेट समुद्रात उतरतो, त्याचे नियम वेगळे. याकोब्सहावन हिमनदी २०१२ च्या उन्हाळ्यात दिवसाला ४६ मीटरच्या आसपास धावत होती. तिथे मुख्य कारण वरून झिरपणारं पाणी नव्हे. समुद्राच्या उबदार पाण्याने पुढची तरंगती जीभ खाल्ली आणि बर्फाचा आधार गेला.

तेव्हा आजोबांना ६०, नातवाला ४० गुण. आणि वाद घालणारा नातू मिळाला याबद्दल आजोबांना अभिनंदन वेगळं.

प्रश्न: आम्ही गोमुखाला जाऊन आलो. तिथे पाट्या लावल्या आहेत, अमुक साली हिमनदी इथपर्यंत होती. म्हणजे ती मागे जाते आहे. पण तुम्ही लिहिलं होतं की हिमनदी पुढे सरकते. दोन्ही एकदम कसं? आणि पाणी वाढल्यामुळे आपल्या हिमालयातल्या हिमनद्या आता जास्त वेगाने सरकतात का?
(एक वाचिका, धरमपेठ, नागपूर)

उत्तर: दोन्ही एकदम खरं आहे. बर्फ नेहमी खालीच येतो, मागे कधी जात नाही. मुखाशी जितका बर्फ पोचतो त्यापेक्षा जास्त तिथे वितळला, तर मुखाची जागा मागे हटते. तुम्ही पाहिलेलं मुख उद्याही तिथेच दिसेल, पण त्यातला बर्फ आजचा नसेल. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. तिच्या मुखाचा नकाशा १९३५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ऑडेन यांनी केला. त्यानंतरच्या बऱ्याच काळात हे मुख वर्षाला सरासरी २० मीटरच्या आसपास मागे आलं. (त्याच सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. तिथून जाणाऱ्या कितीजणांना हे माहीत असतं?)

वेगाचं उत्तर पुष्कळांना उलटं वाटतं. हिमालयातल्या बहुतेक हिमनद्यांचा वेग कमी झाला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००० ते २०१७ या काळातली उपग्रहाची चित्रं एकमेकांशी ताडून पाहिली होती. लाहौल-स्पिती हा सर्वांत ठळक घट झालेल्या भागांपैकी एक. कारण पाण्यात नाही, जाडीत आहे. बर्फ पातळ झाला की त्याला ओढणारं वजन घटतं, आणि ही घट साध्या प्रमाणात होत नाही. आतल्या आत सरकण्याचा वेग जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. जाडी १० टक्क्यांनी घटली तर हा वेग जवळपास एक तृतीयांशाने पडतो. ०.९ ला चारदा गुणून बघा, ०.६६ येतं. पाणी जूनमध्ये थोडा रेटा देतं, पण वर्षाचा हिशेब बर्फाच्या जाडीपुढे हरतो. काराकोरम अपवाद आहे. तिथल्या पुष्कळ हिमनद्यांची जाडी फारशी घटली नाही, काही ठिकाणी वेगही वाढला.

काराकोरमचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट. काही हिमनद्या वर्षानुवर्षं सुस्त पडून असतात आणि मग एकदम उसळतात. हुंझा खोऱ्यातली शिस्पर २०१८ मध्ये अशी सुटली, तिने शेजारच्या खोऱ्याचं पाणी अडवलं, तळं तयार झालं, आणि मे २०२२ मध्ये ते फुटून हसनाबादचा काराकोरम महामार्गावरचा पूल वाहून गेला. अशा उसळीचा सर्वांत नीट अभ्यास अलास्कातल्या व्हेरिगेटेड हिमनदीवर झाला. १९८२-८३ च्या उसळीत तिथला बर्फ काही वेळा दिवसाला ५० मीटरच्या वर सरकला. उसळी थांबली जुलै १९८३ मध्ये, आणि थांबतानाच हिमनदीखालून अडकलेल्या पाण्याचा मोठा लोंढा बाहेर पडला. पाणी आत तुंबलं होतं तोवर बर्फ धावत होता. वाट मिळाली, बर्फ बसला. वर इंजिनिअर साहेबांना जे सांगितलं तेच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

प्रश्न: बाई, तुमचीच विद्यार्थिनी आहे, आता चंद्रपूर जिल्ह्यात शिकवते. आपल्याकडे पैनगंगेच्या पात्रात हिमनदीच्या खुणा आहेत असं तुम्ही वर्गात सांगायच्या. मुलांना सांगितलं तर ती हसतात. चंद्रपुरात बर्फ? मला आधाराला काहीतरी लिहून द्या.
(एक शिक्षिका, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर: हसू दे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात हे ऐकून न हसणाऱ्या मुलाची मला काळजी वाटेल. पण तारीख लिहून घे: १८७५. त्या वर्षी फेडन या भूवैज्ञानिकाने पैनगंगेकाठी इरई गावाजवळच्या खुणांबद्दल लिहिलं. जुन्या चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला, त्यावर एकाच दिशेने ओढलेले समांतर ओरखडे, आणि वर लहानमोठ्या गोट्यांनी भरलेला तालचेर थर. हा थर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळात भारत आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्याशी जोडलेला होता, पार दक्षिणेला. तशाच वयाचे तसेच थर दक्षिण आफ्रिकेतही सापडतात. मुलं सीताबर्डीची टेकडी दाखवून विचारतील, तिच्यावर का नाहीत ओरखडे? तिचा काळा दगड फार नंतरचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तेव्हा इथे बर्फ नव्हता.

आणि या अंकाच्या विषयाशी याचा संबंध असा, जो मी तुमच्या वर्गात बहुधा सांगितला नव्हता. खडकाला गोठून चिकटलेला बर्फ खडक असा घासत नाही. ओरखडे उठायला बर्फ तळावरून घसरावा लागतो, त्याच्या तळात दगडगोटे रुतलेले असावे लागतात, आणि घसरायला तळ ओला लागतो. म्हणजे त्या चुनखडकावर एकेकाळी वितळलेलं पाणी होतं, एवढं तो खडक आपण होऊन सांगतो. मुलांना घेऊन पात्रात जाशील तेव्हा ओरखड्यांची दिशा होकायंत्राने मोजायला लाव. हातोडा मात्र घरी ठेव.

प्रश्न: चमोलीचा २०२१ चा पूरही हिमनदी खालच्या पाण्याने सुटून आला होता का? कामठी रोडच्या आमच्या कट्ट्यावर यावर एकमत होत नाही.
(एक वाचक, नागपूर)

उत्तर: नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला रोंती शिखराच्या उत्तरेकडच्या कड्यावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ एकत्र निखळला. त्यात साधारण ८० टक्के खडक होता. उंचावरून पडताना बर्फ चुरगळला, वितळला आणि खालच्या ऋषिगंगा-धौलीगंगा खोऱ्यात चिखलाचा पूर होऊन धावला. दोनशेहून जास्त माणसं गेली. हिमनदी घसरण्याशी याचा संबंध नाही. हा कडा कोसळण्याचा प्रकार.

तुमच्या कट्ट्यावर जे कल्पिलं जातंय ते खरोखर घडलं आहे, पण तिबेटात. १७ जुलै २०१६ ला आरू पर्वतरांगेतली एक हिमनदी अक्षरशः सुटली. तिचा सुमारे ७ कोटी घनमीटर बर्फ काही मिनिटांत खाली आला आणि नऊ पशुपालक दगावले. दोन महिन्यांनी, २१ सप्टेंबरला, शेजारची हिमनदीही तशीच गेली. उतार विशेष तीव्र नव्हता. तळाशी बारीक, मऊ गाळ होता, वितळलेल्या बर्फाचं आणि पावसाचं पाणी त्यात भरलं, आणि मुखाकडचा बर्फ तळाला गोठलेला असल्याने त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती. दोन्ही घटना कट्ट्यावर मांडा, म्हणजे दोन्ही बाजूंना बोलायला मिळेल.

प्रश्न: मी आणि मैत्रिणी या जूनमध्ये हिमाचलात ट्रेकला जातोय. वाटेत हिमनदीतून येणारे नाले ओलांडायचे आहेत. घरचे घाबरवतात. खरंच धोका असतो का?
(एक विद्यार्थिनी, खामला, नागपूर)

उत्तर: असतो, पण वेळेवर अवलंबून असतो. बर्फ दुपारी सर्वांत जास्त वितळतो आणि ते पाणी नाल्यात पोचायला काही तास लागतात. त्यामुळे संध्याकाळी नाला सर्वांत मोठा असतो आणि पहाटे सर्वांत लहान. सकाळी गुडघ्याला लागणारं पाणी चारनंतर कमरेला लागू शकतं, आणि खालचे गोटे गडगडत असतात ते वेगळंच. उजाडायच्या आत निघा आणि नाले सकाळीच ओलांडा. रात्री पाऊस पडला असेल तर हा नियम मोडतो, मग स्थानिक माणूस सांगेल तेच ऐका. हिमनदीच्या मुखाखाली फोटोसाठी उभ्या राहू नका. दुपारी तिथून बर्फाचे तुकडे सुटतात. कोरड्या मोज्यांचा एक जादा जोड बरोबर ठेवा, आणि परत आल्यावर घरच्यांना नाल्याची खोली सांगताना थोडी कमीच सांगा.